विरचना : विद्यापीठीय संशोधनातील संकल्पना

विरचना : संहितेने गृहीत धरलेली विरोधयुग्मे आणि त्यांतील श्रेष्ठ-कनिष्ठभाव त्याच संहितेच्या शब्दांमुळे कसे डळमळतात, हे सूक्ष्म वाचनाने दाखविणारी विचारप्रक्रिया. तीस विखंडन असेही म्हणतात. फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा (१९३०–२००४) हे तिचे प्रवर्तक होत. साहित्य, विधी, वास्तुकला, इतिहास इ. विषयांच्या प्रबंधांत ही संज्ञा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. मात्र प्रसाराबरोबर तिचा अर्थही सैल होत गेला.

जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी १९२७ मध्ये सत्ताशास्त्राच्या घट्ट झालेल्या परंपरेची उकल करण्याची कल्पना मांडली होती. तीतून देरिदांना ही संज्ञा सुचली. १९६६ मध्ये बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील परिषदेत त्यांनी संरचनावादाच्या मर्यादा दाखविल्या आणि १९६७ मध्ये त्यांचे तीन ग्रंथ प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात रूसोच्या लेखनाचे वाचन आहे. रूसोच्या मते लेखन ही वाणीची केवळ पुरवणी होय. परंतु पुरवणी या अर्थाच्या फ्रेंच शब्दात भर घालणे आणि जागा घेणे असे दोन्ही अर्थ आहेत. ज्याला पुरवणी लागते ते मुळातच अपुरे असते, हे देरिदांनी रूसोच्याच शब्दांतून दाखविले. बाहेरचा सिद्धांत संहितेवर न लादणे, हे या वाचनाचे मर्म होय.

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९७६ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. इंग्रजीतून अभ्यास करणाऱ्यांना त्यामुळे विरचनेचा परिचय झाला. येल विद्यापीठात पॉल द मान, हिलिस मिलर प्रभृतींनी ती साहित्यसमीक्षेत रुजविली. १९८५ मध्ये स्पिवाक यांनी निम्नवर्गीय इतिहासलेखनाची तिच्या आधारे चिकित्सा केली. १९८९ मध्ये न्यूयॉर्क येथील कार्डोझो विधी विद्यालयाच्या परिषदेत देरिदांनी कायद्याची विरचना होऊ शकते, न्यायाची मात्र नाही, असे प्रतिपादन केले. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात या नावाशी जुळणारे वास्तुकलेचे प्रदर्शन भरले. त्याचे एक संयोजक मार्क विग्ली यांचा ऑक्लंड विद्यापीठातील डॉक्टरेटचा प्रबंध देरिदा आणि वास्तुकला याच विषयावर होता. तरीही प्रदर्शनातील कामे त्या तत्त्वज्ञानातून निपजलेली नाहीत, असे त्यांनीच स्पष्ट केले. नाव सारखे असल्याने संकल्पनाही तीच ठरत नाही, हे यावरून ध्यानात येते.

विरचनेवर आक्षेपही तीव्र आले. द मान यांनी नाझींच्या ताब्यातील बेल्जियममध्ये वृत्तपत्रीय लेखन केले होते व त्यात ज्यूविरोधी मजकूरही होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर १९८७ मध्ये एका बेल्जियन संशोधक विद्यार्थ्याच्या शोधामुळे उघड झाले. अर्थाच्या अनिश्चिततेवर भर दिल्याने लेखकाची जबाबदारी पुसली जाते काय, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. १९९२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने देरिदांना सन्माननीय पदवी देण्याचे ठरविले, तेव्हा विरोध झाल्याने मतदान घ्यावे लागले. प्रस्ताव ३३६ विरुद्ध २०४ मतांनी संमत झाला.

विद्यार्थ्यांच्या संशोधनात खरी अडचण पद्धतीची असते. प्रबंधाच्या आरंभी संशोधनपद्धती सांगावी, असा विद्यापीठीय संकेत आहे. विरचना ही पृथक्करण नव्हे, समीक्षा नव्हे आणि पद्धतीही नव्हे, असे देरिदांनी एका जपानी मित्रास १९८३ मध्ये लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. स्वतः देरिदांनीही पूर्वप्रसिद्ध ग्रंथांच्या आधारे आपला राज्यस्तरीय डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला तो १९८० मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. पुष्कळ प्रबंधांत कोणत्याही टीकेस वा विश्लेषणास विरचना म्हटले जाते, किंवा युग्मातील कनिष्ठ पदास श्रेष्ठ ठरवून विवेचन संपविले जाते. देरिदांच्या मते असा उलटाव आवश्यक असला, तरी तो केवळ पहिला टप्पा होय. त्यानंतर त्या युग्माची चौकटच विस्थापित व्हावी लागते. यासाठी मूळ भाषेचे ज्ञान व संथ वाचन लागते. निष्कर्ष वाचनापूर्वीच ठरलेला असेल, तर विरचना हे केवळ नाव उरते. म्हणून अशा प्रबंधाची कसोटी त्यातील परिभाषा नसून, मूळ संहितेतील कोणता शब्द कोणत्या स्थळी स्वतःच्याच प्रतिपादनाविरुद्ध जातो, हे त्यात दाखविले आहे किंवा नाही, ही होय.