घराखालचं घर

मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात, मिशेल स्ट्रीट आणि लिंकन ॲव्हेन्यू यांच्या मधल्या गल्ल्यांतून चालताना घरांचा चेहरा जरा विचित्र वाटतो. लाकडी घरं, उतरत्या छपरांची, अंगाने अरुंद. पण दारं मात्र उगाच उंचावर. सात-आठ पायऱ्या चढाव्या तेव्हा दार येतं. त्याच जिन्याच्या कुशीतून तीन-चार पायऱ्या खाली उतरतात आणि तिथे दुसरं दार असतं. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या गुडघ्याशी खिडक्या येतात आणि त्या खिडक्यांना पडदे असतात. जमिनीत अर्ध्या गेलेल्या त्या खोल्यांतही कुणाचं तरी बिऱ्हाड आहे.

गावात या घराला ‘पोलिश फ्लॅट’ म्हणतात. कुठल्या आर्किटेक्टने ते कागदावर काढलेलं नाही. ते आधी बांधलं गेलं आणि मग उचललं गेलं.

रीत अशी होती. आधी साधारण तीस फूट रुंदीचा, मागे लांबवर गेलेला प्लॉट घ्यायचा. त्यावर तीन-चार खोल्यांचं बैठं लाकडी घर उभं करायचं. पातळ फळ्या आणि खिळ्यांच्या सांगाड्याची ही अमेरिकन घरं वजनाला हलकी असत, आणि पुढची सगळी करामत त्या हलकेपणामुळेच जमली. काही वर्षांनी चार पैसे गाठीला आले, किंवा गावाकडून भाऊ-मेहुणा येऊन थडकला, की घराच्या तुळयांखाली स्क्रू-जॅक लावायचे. एकेक फेरा देत अख्खं घर चार-पाच फूट वर न्यायचं आणि खांबांवर टेकवायचं. मग खालून विटांची भिंत घालून घेतली की झाली खालची खोली तयार. छत ठेंगणं, उजेड बेताचा, ओल ठरलेली. पण भाडं येणार हे नक्की. काही जण दुसरी युक्ती करत. जुनं घर ओढत प्लॉटच्या मागच्या टोकाला न्यायचं आणि पुढे नवं बांधायचं. आपल्याकडे घर मोठं करायचं म्हणजे वर मजला चढवायचा, इथे मजला खालून सरकवला.

शिकागोच्या उत्तरेला दीडशे किलोमीटरच्या आत, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेलं हे शहर १८४६ साली तीन वस्त्या एकत्र होऊन बनलं. त्या वस्त्यांचं आपसांत इतकं वाकडं होतं की नदीच्या दोन्ही काठांवरचे रस्ते एकमेकांसमोर येत नाहीत, आणि पूल आजही तिरके आहेत. १८८० साली १,१५,५८७ असलेली लोकसंख्या १९१० साली ३,७३,८५७ झाली. बिअरच्या भट्ट्या, कातडी कमावण्याचे कारखाने, लोखंडाच्या गिरण्या, यंत्रांचे कारखाने यांना माणसं हवी होती. बिअर आणि यंत्रांच्या धंद्यात जर्मनांचा वरचष्मा होता. अंगमेहनतीची, हलक्या मजुरीची कामं पोलिश लोकांच्या वाट्याला आली. १८६६ साली त्यांनी सेंट स्टॅनिस्लॉस ही आपली पहिली पॅरिश स्थापन केली, आणि तिच्या आसपास पोलिश वस्ती दक्षिणेकडे सरकत गेली.

दिवसाला एक-दीड डॉलर मिळवणाऱ्या माणसाला घराचा एवढा ध्यास का लागावा? उत्तर ते सोडून आलेल्या मुलखात सापडतं. १७९५ ते १९१८ या काळात पोलंड नावाचं स्वतंत्र राज्य नकाशावर नव्हतं; मिलवॉकीत आलेल्यांपैकी बहुसंख्य लोक प्रशियाच्या ताब्यातल्या भागातले होते. जमीन जर्मनांच्या हाती जावी म्हणून तिथल्या सरकारने १८८६ साली पोलिश जमिनी विकत घेणारं एक खास मंडळच काढलं. १९०४ साली कायदा झाला की नवं घर बांधायला परवाना हवा, आणि तो पोलिश शेतकऱ्याला मिळत नसे. मिखाऊ जिमावा नावाच्या शेतकऱ्याने त्यावर तोड काढली. त्याने सर्कशीची एक जुनी गाडी विकत घेतली आणि आपल्याच जमिनीवर त्या गाडीत संसार मांडला. एका जागी टिकून राहिलं तर ते ‘घर’ ठरेल, म्हणून तो ती थोडीथोडी हलवत असे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते इथे शब्दशः. मिलवॉकीचे बरेचसे पोलिश हा कायदा होण्याआधीच बोटीत बसले होते, पण याला कारण झालेली जमिनीची ओढाताण त्यांनीही पाहिली होती. स्वतःच्या नावावरचा कागद ही त्यांच्या लेखी काय चीज असेल, हे सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारी खेटे घातलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कागद हवा तर पैसा हवा, आणि तो बँकेकडे मागण्यात अर्थ नव्हता. त्या काळची अमेरिकन बँक घरासाठी कर्ज द्यायचीच झाली तर किमतीच्या निम्म्यापर्यंत, तेही तीन-पाच वर्षांसाठी. व्याज भरत राहायचं आणि मुदत संपली की मुद्दल एकरकमी मोजायचं. मजुराच्या कामाची गोष्ट नव्हे ती. त्याच्या कामी आली ‘बिल्डिंग अँड लोन’ मंडळी. ही कल्पना आपल्या वाचकाला ओळखीची वाटेल, कारण ती भिशी आणि पतपेढी यांच्या अधलीमधली आहे. सभासदांनी शेअर घ्यायचे, त्यांचे पैसे आठवड्याच्या वर्गणीने भरायचे, साठलेल्या रकमेतून एकेकाला घरासाठी कर्ज द्यायचं, आणि त्याने व्याज नि मुद्दल मिळून ठराविक हप्त्यांनी फेडायचं. अमेरिकेत अशी पहिली संस्था १८३१ साली फिलाडेल्फियाजवळ फ्रँकफर्डला निघाली; तिचा पहिला कर्जदार रस्त्यावरचे दिवे लावणारा माणूस होता. मिलवॉकीत जर्मनांनी आणि पोलिशांनी अशा संस्था आपापल्या भाषेत चालवल्या. कोण पितो, कोण बुडवतो, कुणाच्या घरी तीन मुलगे कमावते झालेत, हे जाणणारी माणसंच कर्ज मंजूर करायला बसलेली असत.

हप्त्याचा भार हलका करायला मग खालची खोली. वर मालक, खाली भाडेकरू, शिवाय पोटमाळ्यावर एखादा एकटा मजूर. तोही बहुतेक गाववाला.

या हिशेबात काय टाळलं गेलं तेही पाहावं लागेल. गटारं आणि फरसबंद रस्ते यांचा खर्च मिलवॉकीत लगतच्या प्लॉटधारकांवर, दर्शनी फुटांच्या मापाने बसत असे. त्यामुळे घराच्या कर्जात अडकलेले लोक ‘गटार एवढ्यात नको’ असंच म्हणत. आधी घर, मग मोरी. चिखलाच्या गल्ल्या, अंगणातले संडास आणि खालच्या दमट खोल्यांत झोपलेली मुलं ही त्या स्वस्ताईची किंमत होती. सुधारक आणि आरोग्य खात्याचे लोक या तळघरांवर नाराज होते, आणि त्यांची नाराजी खोटी नव्हती.

याच पोलिश मजुरांनी ५ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी जवळच्या बे व्ह्यूतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलवर मोर्चा नेला. आदल्या दिवशी ते सेंट स्टॅनिस्लॉस चर्चपाशी जमले होते. राज्याच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या, निदान सात जण मेले. आणि याच लोकांनी दहा वर्षांनी सेंट जोसाफाट चर्चचं काम काढलं. शिकागोची जुनी पोस्ट आणि कस्टमची सरकारी इमारत पाडायला काढली होती; तिचं सामान वीस हजार डॉलरला घेऊन रेल्वेच्या सुमारे पाचशे उघड्या डब्यांतून इकडे आणलं. १९०१ साली रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीचा घुमट ठेंगण्या लाकडी घरांच्या वर उभा राहिला. देवाचं घरसुद्धा सेकंडहँड मालातून, आणि कर्जावर.

१९१० साली मिलवॉकीने एमिल सायडेल यांना निवडलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराचे ते पहिले समाजवादी महापौर. पुढे डॅनियल होन यांनी १९१६ ते १९४० अशी चोवीस वर्षं कारभार पाहिला. या मंडळींना ‘गटार समाजवादी’ म्हणत. टिंगलीने दिलेलं नाव त्यांना शोभून दिसलं, कारण क्रांतीपेक्षा सांडपाण्यावर त्यांचं लक्ष जास्त होतं. होन यांच्या काळात गार्डन होम्स ही १०५ घरांची सहकारी वसाहत १९२१ ते १९२३ मध्ये उभी राहिली. शहराने आणि काउंटीने तिचे शेअर घेतले होते, आणि नगरपालिकेच्या पैशाने झालेली देशातली ही पहिली गृहयोजना मानतात. जमीन आणि घर संस्थेचं, राहणारा भागधारक, अशी मांडणी. ती चार वर्षंही टिकली नाही. राहणाऱ्यांना आपल्या नावाचा कागद हवा होता. संस्था मोडली आणि घरं त्यांनाच विकली. समाजवादी महापौर आणि घरमालकीचं वेड, दोन्ही एकाच मतदाराला कसं पटलं, याचं कोडं मिलवॉकीला स्वतःला कधी पडलेलं दिसत नाही.

तोवर घराचा घाटही बदलला होता. खालून मजला सरकवण्याऐवजी एकावर एक दोन सारखे मजले असलेले डुप्लेक्स सरळ बांधले जाऊ लागले. खालच्या भाडेकरूला आता ऊन मिळू लागलं, पण हिशेब तोच राहिला. फ्रँक लॉइड राइट यांनाही स्वस्त घराचा मोह पडला होता. वेस्ट बर्नहॅम स्ट्रीटवर १९१५-१६ मध्ये त्यांच्या नमुन्यांची सहा छोटी घरं बांधली गेली, आणि त्यांतली चार दोन बिऱ्हाडांचीच होती.

शहराच्या दुसऱ्या अंगाला हाच खेळ वेगळ्या पटावर चालला होता. वॉलनट स्ट्रीटच्या आसपास काळ्या लोकांची वस्ती होती, ब्राँझव्हिल. तिथल्या माणसाला बँक कर्ज देत नव्हती, आणि गोऱ्यांच्या वस्त्यांतल्या कित्येक खरेदीखतांत ‘काळ्यांना विकायचं नाही’ अशी अट घातलेली असे. १९२३ साली मिलवॉकीत आलेल्या विल्बर आणि आर्डी हॅलयार्ड या जोडप्याने पोलिशांचीच वाट धरली. पुढच्या दोनेक वर्षांत त्यांनी कोलंबिया बिल्डिंग अँड लोन ही काळ्यांची संस्था सुरू केली, विस्कॉन्सिन राज्यातली पहिली. आर्डीबाई दिवसा दुसरीकडे नोकरी करून संस्थेचं काम पाहत.

पण वाट तीच असली तरी पुढे भिंत होती. महामंदीत वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने घरकर्जाचा कारभार हाती घेतला. १९३४ पासून सरकारी हमीमुळे लांब मुदतीचं, समान हप्त्यांचं कर्ज साऱ्या देशात रुळलं. बिल्डिंग अँड लोनची जुनी युक्तीच, आता सरकारी शिक्क्यासह. तो शिक्का कुठे उमटवायचा हे वस्ती बघून ठरे. १९३३ साली निघालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे रंगीत नकाशे केले, त्यांत धोक्याच्या वस्त्या लाल होत्या. ब्राँझव्हिल लाल होतं. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने खरेदीखतांतल्या त्या अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं, तरी दलाल आणि मालक तोंडी नकार देतच राहिले. १९४० साली नऊ हजारांच्या आत असलेली काळी लोकसंख्या १९६० साली बासष्ट हजारांवर गेली, आणि तेव्हाच त्यांच्या जुन्या वस्तीतून हायवे काढायला घरं पाडली जाऊ लागली.

शहराच्या कौन्सिलवर गेलेल्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य वेल फिलिप्स यांनी १९६२ साली ठराव आणला की घर विकताना वा भाड्याने देताना वर्ण पाहू नये. बाजूने एक मत, त्यांचं स्वतःचं. विरोधात अठरा. त्यांनी तो पुन्हा आणला, पुन्हा पडला. असं एकूण चार वेळा झालं.

काळ्यांचा उत्तर भाग आणि पोलिशांचा दक्षिण भाग यांच्या मधल्या कारखान्यांच्या दरीवर सोळाव्या रस्त्याचा पूल आहे. हा जगातला सर्वांत लांब पूल, कारण तो आफ्रिका आणि पोलंडला जोडतो, असा विनोद मिलवॉकीत चालत असे. २८ ऑगस्ट १९६७ रोजी फिलिप्स यांचीच मागणी घेऊन, एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या युवा शाखेची पोरं आणि फादर जेम्स ग्रॉपी हा पूल ओलांडून कोशचुश्को पार्ककडे निघाले. ग्रॉपी स्वतः दक्षिण भागातलेच, बे व्ह्यूच्या एका इटालियन किराणा दुकानदाराचा मुलगा. पलीकडे हजारो गोरे दगड-बाटल्या घेऊन उभे होते. जन्मभराची पुंजी एका लाकडी घरात घातलेल्या माणसाला तिची किंमत उतरण्याची भीती वाटते, हे समजू शकतं. पण ज्यांच्या आजोबांच्या मुलखात सरकारने घर बांधायला परवाना नाकारला, तेच दुसऱ्याला दार नाकारायला रस्त्यावर उतरले होते, आणि स्वातंत्र्यासाठी लढलेल्या कोशचुश्कोचा अश्वारूढ पुतळा त्याच बागेत होता.

मोर्चे दोनशे रात्री चालले, विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यातून. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्यात, ११ एप्रिल १९६८ रोजी, समान गृहहक्काचा केंद्रीय कायदा झाला, आणि ३० एप्रिलला मिलवॉकीने स्वतःचाही केला. तो पूल आता ग्रॉपींच्या नावाने ओळखला जातो.

मग कारखाने गेले. श्लिट्झची भट्टी १९८१ साली बंद पडली, पॅब्स्टची १९९६ साली. १९६० साली ७,४१,३२४ असलेली लोकसंख्या २०२० साली ५,७७,२२२ वर आली. मिलवॉकीतल्या घरांच्या स्वस्ताईत या रिकामेपणाचा मोठा वाटा आहे. घरं मजुरांसाठी बांधली होती, मजुरी निघून गेली, घरं उरली.

घरांचा हिशेबही फिरला. वर मालक आणि खाली भाडेकरू असताना छप्पर गळलं तर दोघांच्याही झोपेचं खोबरं होई. मालक उपनगरात किंवा दुसऱ्या राज्यात गेला की तेच दोन मजले नुसती भाड्याची यंत्रं होतात. २००८ नंतरच्या जप्तीच्या लाटेत कितीतरी घरं अशा दूरच्या हातांत गेली. मॅथ्यू डेसमंड यांचं २०१६ सालचं ‘एव्हिक्टेड’ हे घराबाहेर काढलेल्या भाडेकरूंवरचं पुस्तक मिलवॉकीतच घडतं.

मिशेल स्ट्रीटच्या दुकानांवर आता स्पॅनिश पाट्या आहेत. १९२० च्या दशकात कातड्याच्या कारखान्याने मेक्सिकोतून आणवलेल्या मजुरांपासून सुरू झालेली ही वस्ती आता जुन्या पोलिश घरांत स्थिरावली आहे. दक्षिण भागात अलीकडे रोहिंग्या कुटुंबंही आली. बर्नहॅम स्ट्रीटवरची राइटची घरं डागडुजी करून लोकांना दाखवली जातात, लांबून पाहुणे येतात. तिथून पूर्वेकडे चालत गेलं की पोलिश फ्लॅट लागतात. तिथे पाटी नाही, वाटाड्या नाही. उंच जिन्याच्या कठड्याला दोन पत्रपेट्या ठोकलेल्या असतात, एक वरच्यांची, एक खालच्यांची, आणि कधी कधी दोन्हींवर एकच आडनाव असतं.