केळझरची बैलगाडी आणि पाच बटणं

परवा समृद्धीवरून नागपूरला जाताना भाच्याच्या गाडीतला तो मोठ्ठा टचस्क्रीन पाहिला. गाणं बदलायचं तर बोटही तिकडे आणि डोळेही तिकडेच! मला एकदम केळझर आठवलं.

तर झालं असं. १९८९ चा हिवाळा. काकांच्या जुन्या अँबॅसिडरमधून आम्ही रात्री नागपूरहून वर्ध्याला परतत होतो. डॅशबोर्डवर मीडियम वेव्हचा रेडिओ, त्याला पाच दांडगी बटणं. काकांना ओढ नॅशनल चॅनलची. आकाशवाणीची ही सेवा १८ मे १९८८ ला सुरू झालेली, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालायची. तिचा १००० किलोवॅटचा ट्रान्समीटर आमच्या वाटेवरच, बुटीबोरीला! १५६६ किलोहर्ट्झ. दिवसा वातावरणाचा एक थर मीडियम वेव्ह शोषून घेतो, रात्री तो विरतो आणि लहरी वरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात. म्हणून रात्रीची सेवा. कुठल्या कुठे ट्रकवाले आपल्या बुटीबोरीचा आवाज ऐकत जागत असतील, याचं मला तेव्हा भारी अप्रूप होतं.

आवाज काही स्वच्छ नसायचा. पेट्रोल इंजिनातली प्रत्येक ठिणगी स्वतःच रेडिओलहरी सोडते, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की रेडिओची कुरकुर वाढे. (डिझेलला ही कटकट नाही.)

केळझरच्या अलीकडे काका नागपूर केंद्रावरून नॅशनल चॅनलवर यायला मान खाली घालून नॉब फिरवू लागले. काकू किंचाळल्या. समोर कापसाने भरलेली, बिनकंदिलाची बैलगाडी. आम्ही थांबलो तेव्हा मध्ये हातभर अंतर होतं. ताशी ६० ने दोन सेकंद मान खाली, म्हणजे ३३ मीटर आंधळेपणाने. हे गणित मी नंतर केलं. तेव्हा फक्त बैलांचे चमकलेले डोळे दिसले.

गंमत म्हणजे उपाय डॅशबोर्डवरच होता. १९३० साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटोरोला हा गाडीतला रेडिओ बाजारात आणला, तेव्हाच ड्रायव्हरचं लक्ष उडेल म्हणून काही ठिकाणी बंदीची भाषा झाली होती. त्याच दशकात बटणंही आली. स्टेशन नीट लावायचं, बटण बाहेर ओढायचं, मग आत दाबायचं. झालं, ते स्टेशन त्या बटणाचं. पुढे न बघता, बोटाने चाचपून दाबायचं. काकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. एका मेकॅनिकने दाखवल्यावर पहिलं नागपूर आणि शेवटचं नॅशनल चॅनल, असं लागलं. आवाज किती ठेवायचा ते मात्र काकूंनी ठरवलं: मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला पाहिजे!

नॅशनल चॅनल २०१९ च्या जानेवारीत बंद झालं. असो.

समृद्धीवर कारला १२० ची मुभा. तिथे ३३ मीटर एका सेकंदात जातात. भाच्याला म्हटलं, तुझ्या गाडीला बटणं नाहीत का रे?

"आहेत की मावशी, स्टिअरिंगवरच."

"मग?"

"अजून सेट नाही केली."