बुडालेला तट : शूलपाणीच्या झाडीची तीन वाचने

महाराष्ट्राचा किनारा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कोकण उभे राहते. माड, खाडी, गलबते आणि त्यांच्याभोवती उभे राहिलेले विपुल साहित्य. या राज्याला आणखी एक तट आहे, आणि तो राज्याच्या अगदी वायव्य टोकाला, नंदुरबार जिल्ह्यात आहे, ही गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. १३१२ किलोमीटर वाहणारी नर्मदा महाराष्ट्राला जेमतेम ५४ किलोमीटर स्पर्श करून जाते. तिचा दक्षिण तट अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांचा, उत्तर तट आधी मध्य प्रदेशाचा आणि पुढे गुजरातचा. विधानसभेच्या यादीत अक्कलकुवा हा महाराष्ट्राचा पहिला मतदारसंघ आहे. मोजणीला जिथून आरंभ होतो, तो प्रदेश साहित्याच्या नकाशावर मात्र जवळजवळ शेवटी येतो.

येतो तोही एका विशिष्ट नावाने : शूलपाणीची झाडी. नर्मदा परिक्रमेच्या वाङ्मयात या नावाला जेवढे वलय आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या टप्प्याला असेल. परिक्रमेचा नियम असा की नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची, ती कुठेही ओलांडायची नाही, आणि समुद्रापाशी नावेतून दुसऱ्या तटावर जायचे. शास्त्राने सांगितलेला काळ ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवस. अंतर सुमारे २६०० किलोमीटर. ओंकारेश्वराहून दक्षिण तटाने निघालेला परिक्रमावासी निमाडची सपाट, सुपीक माती तुडवत बडवानीपर्यंत येतो. तिथून भूगोल एकाएकी बदलतो. विंध्य आणि सातपुडा दोन्ही बाजूंनी नदीला भिडतात. हिरणफाल या ठिकाणी तर पात्र इतके आवळले गेले होते की हरिणाने एका उडीत ते पार करावे, अशी लोककल्पना रूढ झाली. पुढे काळ्या बेसाल्टचे कडे, सागाची आणि बांबूची राने, ओढ्यांच्या तोंडाशी साचलेल्या गाळावरची लहान शेते, डोंगराच्या सोंडांवर एकमेकांपासून अंतर राखून बसलेली घरे. हा सारा पट्टा ओलांडला की गुजरातचे मैदान, आणि मग खंबातच्या आखाताचे खारे वारे. एका नदीच्या काठाने चालताना मुलूख किती वेगवेगळी रूपे घेतो, याचा सर्वांत तीव्र अनुभव या टप्प्यात येत असे.

'येत असे' हा भूतकाळ मी जाणीवपूर्वक वापरला आहे. ही वाट आज पाण्याखाली आहे. ती कोणी कशी वाचली आणि वाचताना काय गाळले, हे पाहणे एवढाच या लेखाचा हेतू.

पहिले वाचन पुराणाचे आणि परिक्रमावासीयांचे. स्कंदपुराणाच्या रेवाखंडात शूलभेद तीर्थाची कथा आहे. अंधकासुराच्या वधानंतर शिवाच्या त्रिशूळावरचा डाग कुठेही धुऊन जाईना, तो अखेर नर्मदातटी गेला. मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे देऊळ या कथेशी जोडलेले होते आणि झाडीला नावही त्यावरूनच मिळाले. पलीकडे सातपुड्यात अस्तंब्याचे शिखर आहे. ते अश्वत्थाम्याचे स्थान मानले जाते आणि दिवाळीच्या सुमारास तिथे आदिवासींची मोठी यात्रा भरते. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा झाडीत भेटतो, ही परिक्रमावासीयांची आवडती आख्यायिका. एकच चिरंजीव पुरुष एका बाजूने डोंगरातल्या यात्रेचा देव आहे आणि दुसऱ्या बाजूने वाटेवरचे गूढ. दोन समाजांच्या श्रद्धा येथे एकमेकींना न ओळखता शेजारी नांदतात.

मराठीत या वाचनाची परंपरा समृद्ध आहे. स्वतः परिक्रमा केलेल्या गो. नी. दांडेकरांनी 'कुणा एकाची भ्रमणगाथा' लिहून नर्मदेला मराठी कादंबरीत आणले. पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'ने आणि भारती ठाकूर यांच्या 'नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा'ने हा विषय मध्यमवर्गीय वाचकाच्या घरात पोचवला. या परंपरेतील पुस्तकांची प्रकृती भिन्न आहे. कुठे निसर्ग आणि माणसे यांची ओढ, कुठे गूढानुभव, कुठे आत्मशोध. तथापि झाडीचा उल्लेख आला की एक प्रसंग या परंपरेत हमखास अपेक्षित असतो : लूट. येथील भिल्ल परिक्रमावासीयाचे सर्वस्व, प्रसंगी अंगावरचे वस्त्रही, काढून घेतात. त्यांना 'मामा' म्हणतात, कारण नर्मदा ही माता आणि हे तिचे भाऊ. लुटले जाणे ही आपत्ती न राहता दीक्षा होते. मैयाच आपल्या भावांकरवी भक्ताची आसक्ती उतरवते, असा तिचा अर्थ लावला जातो.

ही कल्पना सुंदर आहे. भीतीचे रूपांतर नात्यात करण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे, आणि लुटणाऱ्याविषयी द्वेष न धरण्याची शिकवणही. परंतु साहित्याचा अभ्यासक म्हणून एक प्रश्न विचारायला हवा. या प्रसंगात 'मामा' बोलतो का? तो येतो, घेतो आणि झाडीत नाहीसा होतो. त्याला बहुधा नाव नसते, गाव नसते, काय पिकवतो आणि वर्षातले किती महिने पोटभर खातो याचा पत्ता नसतो. तो यात्रेकरूच्या आत्मिक प्रवासातला एक टप्पा असतो. पात्राला आदराचे संबोधन मिळाले म्हणून त्याला व्यक्तित्व मिळतेच असे नाही.

दुसरे वाचन राज्यसंस्थेचे. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या हाती आला आणि सातपुड्यातील भिल्लांचा 'बंदोबस्त' हा प्रशासनाचा मोठा विषय झाला. १८२५ साली जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये हा मुलूख दिसतो तो डोंगराची उंची, लाकडाची प्रत, वाटांची अवस्था आणि जमातींच्या 'स्वभावा'ची वर्णने यांतून. १८७८ च्या वनकायद्याने जंगल सरकारचे झाले. त्यात राहणारा माणूस हळूहळू आपल्याच रानात परवानगीने राहणारा ठरला. परिक्रमावासी ज्याला दीक्षा म्हणत होता, त्याला या दप्तराने दरोडा म्हटले.

येथे शेजारच्या डांगचा अभ्यास उपयोगी पडतो. अजय स्कारिया यांनी 'हायब्रिड हिस्टरीज' (१९९९) या ग्रंथात असे दाखवले आहे की डांगचे भिल्ल ज्या धाडी घालत, त्यांमागे 'गिरास' या हक्काची कल्पना होती. मुलखावर आपली सत्ता आहे, म्हणून मुलखातून निघणाऱ्यात आपला वाटा आहे, असा तो दावा होता. शूलपाणीच्या झाडीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे घाईचे होईल. पण मेवासी संस्थानिकांच्या या प्रदेशात, जिथे काठीच्या राजघराण्याची होळी आजही हजारोंना डोंगरात खेचून आणते, तिथे वाटसरूकडून काही घेणे हे केवळ भुकेचे किंवा केवळ देवाचे काम नसून मालकीचे विधानही असू शकेल, ही शक्यता नजरेआड करता येत नाही. भक्ताने लुटीत माया पाहिली, अंमलदाराने गुन्हा पाहिला. 'ही जमीन कोणाची?' हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही.

हा प्रश्न पुढे फार महाग पडला. अक्राणी-अक्कलकुव्यातील ७३ गावे दीर्घकाळ वनगावे म्हणून नोंदलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेताचा सातबारा नव्हता. ५ एप्रिल १९६१ रोजी सरदार सरोवराची पायाभरणी झाली. १९७९ मध्ये नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा अमलात आला. बुडितात ज्यांची जमीन जाईल त्यांना जमिनीच्या मोबदल्यात जमीन, किमान २ हेक्टर, असे त्याचे तत्त्व होते. पण कागदावर ज्याची जमीनच नाही त्याचे काय बुडते? महाराष्ट्रातील ३३ गावे बुडितात येणार होती, त्यांतले मणिबेली हे पहिले. १९९३ च्या पावसाळ्यात तिथे पाणी शिरले, आणि ज्यांना राज्याने नीट मोजलेही नव्हते त्यांची मोजदाद बुडितरेषेच्या निमित्ताने सुरू झाली. पुनर्वसनासाठी तळोद्याच्या वनजमिनीतून १९९० मध्ये २७०० आणि १९९४ मध्ये १५०० हेक्टर मोकळे करण्यात आले. ती जमीनही रिकामी नव्हती; तिथे दुसरे आदिवासी कसत होते. कागदावरच्या एका चुकीची भरपाई दुसऱ्या चुकीने करण्याचा हा प्रकार होता.

तिसरे वाचन येथूनच सुरू होते. बर्फीवजा सरकारी अहवालांच्या आणि भक्तिपर प्रवासवर्णनांच्या पलीकडे, तटावरचा माणूस स्वतः बोलू लागला. मणिबेली, डोमखेडी, निमगव्हाण ही नावे नर्मदा बचाव आंदोलनाच्या सत्याग्रहांमुळे देशभर पोचली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला, १९९३ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज थांबले, आणि १९९४ च्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याला मणिबेलीचे नाव देण्यात आले. समोरच्या तटावरील जलसिंधीच्या बावा महालिया यांनी त्याच वर्षी मध्य प्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांना एक पत्र लिहवून घेतले. रानातून काय मिळते, नदीतून काय मिळते, अडचणीच्या वर्षी कोण आधार देते, सोयरे किती अंतरावर आहेत, असा तो साऱ्या जगण्याचा ताळेबंद आहे. परिक्रमा-वाङ्मयातला मुका 'मामा' येथे प्रथमपुरुषी वाक्यांत बोलतो. माझ्या मते नर्मदातटाच्या गद्यवाङ्मयात या पत्राला स्थान मिळायला हवे. ते केवळ आंदोलनाचे कागदपत्र नव्हे.

या आवाजाची पूर्वपीठिका नंदुरबारच्याच मातीत आहे. १९७० च्या दशकात शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्याभोवती भिल्ल शेतमजुरांची चळवळ उभी राहिली. तिच्यातून पुढे आलेल्या वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा. त्यांची 'स्टेज' ही कविता अभ्यासक्रमांतून अनेकांना ठाऊक असेल. आमचे दुःख आमच्यासमोर दुसऱ्यांनीच सांगावे, हा तिचा सल आहे. तो शहरी कार्यकर्त्याला लागू आहे तसाच परिक्रमेच्या प्रवासवर्णनकारालाही, आणि हा लेख लिहिणाऱ्यालाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी चिमलखेडीत आंदोलनाची जीवनशाळा सुरू झाली आणि तटावरची मुले आपल्या बोलीच्या आधाराने अक्षरे गिरवू लागली. उत्तर तटावरील अलिराजपूरच्या आदिवासींवर लिहिताना अमिता बाविस्कर यांनी 'गायणा' या सृष्टिगीताचा विचार केला आहे (१९९५). त्यातही नर्मदेच्या समुद्राकडे जाण्याची कथा आहे. म्हणजे रेवाखंडाला समांतर असे एक मौखिक पुराण याच काठावर गायले जात होते, आणि वाट तुडवणाऱ्या बहुतेकांच्या कानी ते पडले नाही.

यानंतरचा इतिहास आकड्यांचा आहे. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला टप्प्याटप्प्याने परवानगी दिली. २००६ पर्यंत उंची १२१.९२ मीटर झाली, २०१७ मध्ये दरवाजे बंद करण्यास मंजुरी मिळाली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरला. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ १९९० च्या दशकातच पाण्याखाली गेले होते. नवे देऊळ गुजरातेत गोरा येथे बांधण्यात आले. हिरणफालही बुडाला. ज्या झाडीच्या नावाने माणसे थरथरत, ते नाव आता प्रामुख्याने गुजरातेतील एका अभयारण्याच्या पाटीवर आढळते. १९८२ मध्ये डुमखलला अस्वलांसाठी राखलेले रान १९८९ मध्ये वाढवून त्याला शूलपाणेश्वराचे नाव दिले गेले. वन्यप्राण्यांसाठी झाडी राखली गेली हे चांगलेच झाले. पण देव हलवता आला, अस्वलांना रान देता आले, आणि मधल्या माणसांचा हिशेब तेवढा दशकानुदशके अपुरा राहिला, हे त्याबरोबर नोंदवले पाहिजे.

आजच्या परिक्रमावासीयापुढे दोन पर्याय असतात. धडगाव-मोलगीच्या डोंगरी वाटेने सातपुडा ओलांडायचा, किंवा आणखी दक्षिणेला उतरून शहादा-प्रकाशा-तळोद्याच्या रस्त्याने जायचे. या दुसऱ्या मार्गात एक विलक्षण विसंगती आहे. नर्मदेची प्रदक्षिणा करणारा यात्रेकरू प्रकाशा येथे, तापी आणि गोमाईच्या संगमावर, मुक्काम करतो. बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन करून ताम्रपाषाणकालीन वस्तीचे थर जिथे उघडे केले, ते हे प्रकाशा. एका नदीच्या परिक्रमेत दुसऱ्याच नदीच्या काठी रात्र काढावी लागते, कारण पहिल्या नदीला चालण्याजोगा काठ उरलेला नाही.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने याने परिक्रमा खंडित होत नाही. नदी उजव्या हातालाच राहते. वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट घडली आहे. तट ही या लेखनप्रकाराची मूळ भूमी होती, आणि जलाशयाला तट नसतो. पावसाळ्यात पाणी डोंगराच्या कमरेला येते, उन्हाळ्यात चिखलाचा उघडा पट्टा सोडून मागे सरते. जी घरे रेषेच्या वर राहिली ती पाण्याने वेढली गेली. सरकारी भाषेत त्यांना 'टापू' हा नवा शब्द मिळाला. ती माणसे आज होडीने बाजाराला जातात, तरंगत्या दवाखान्याची वाट पाहतात, आणि मतदानयंत्रही त्यांच्याकडे होडीतूनच येते. कोकणापाठोपाठ महाराष्ट्राला खरोखरीच दुसरा किनारा मिळाला आहे, पण तो कोणी मागितला नव्हता.

परिक्रमेवरची पुस्तके मराठीत यापुढेही येत राहतील, आणि यावीत. झाडी बुडाल्यामुळे लुटीचा प्रसंग त्यांतून जवळजवळ नाहीसा होईल. उलट डोंगरातल्या गावांत मिळालेल्या भाकरीची आणि आसऱ्याची वर्णने वाढतील. त्या वर्णनांना माझी एकच कसोटी राहील. ज्याच्या ओसरीवर रात्र काढली, त्याचे जुने घर कोणत्या गावात होते आणि ते कोणत्या वर्षी पाण्यात गेले, एवढे तरी लेखकाने विचारले आहे काय? उजव्या हाताला नदी आहे, हे प्रत्येक परिक्रमावासी जाणतो. डाव्या हाताला कोण राहतो, हे जाणून लिहिलेले पुस्तक ही या परंपरेची राहिलेली बाकी आहे.