स्मार्टफोनमधील खासगीपण : गूगलला वगळून किती दूर जाता येते?

बडोदे संस्थानात राजघराण्याच्या घरगुती कारभारासाठी एक स्वतंत्र खाते असे. त्याला ‘खानगी खाते’ म्हणत आणि त्याचा प्रमुख तो ‘खानगी कारभारी’. मराठीत ‘खासगी’ हा शब्द अधिक रुळला, गुजरातीने मात्र ‘खानगी’ आजवर जपला आहे. त्याचे मूळ फारसीतल्या ‘खाना’ म्हणजे घर या शब्दात आहे. जे घराच्या भिंतींच्या आत, ते खानगी. स्मार्टफोनने या व्याख्येचीच पंचाईत करून ठेवली आहे. पत्रे, छायाचित्रे, औषधांची चौकशी, पैशांचे व्यवहार हा घरातला सर्वांत आतला ऐवज आता अशा वस्तूत असतो, जी दिवसभर खिशातून गावभर हिंडते आणि मालकाला न विचारता परक्या संगणकांशी बोलत राहते.

मडगावहून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला शिकायला निघालेल्या एखाद्या गोमंतकीय विद्यार्थिनीचे उदाहरण घेता येईल. कोकण रेल्वेने पनवेल, वसई, सुरत करीत ती बडोद्याला उतरते. वाटेत तिने फोनला हातही लावला नाही, तरी नेहमीच्या मांडणीतला अँड्रॉइड फोन जवळपासचे मोबाईल मनोरे आणि वाय-फाय जाळी न्याहाळत असतो. उपग्रहाचा संकेत नसला तरी कोणत्या ठिकाणी कोणती वाय-फाय जाळी दिसतात याची सूची गूगलकडे असल्यामुळे फोनचा ठावठिकाणा काही मीटरांपर्यंत कळू शकतो. रावपुऱ्यातले भाड्याचे घर, दांडिया बाजारातली खानावळ, सयाजीराव रुग्णालयातली एखादी फेरी, हे सारे त्या नोंदीत बसू शकते. नाव कोठेही न लिहिता माणूस ओळखू येतो, कारण रात्री एका पत्त्यावर आणि दिवसा दुसऱ्या पत्त्यावर असणारा फोन सहसा एकाच व्यक्तीचा असतो.

ही केवळ शंका नव्हे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे प्राध्यापक डग्लस श्मिट यांनी २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात एका जागी पडून असलेल्या, फक्त पार्श्वभूमीला क्रोम सुरू असलेल्या अँड्रॉइड फोनने २४ तासांत ३४० वेळा स्थानाची माहिती गूगलकडे पाठवल्याचे आढळले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील प्राध्यापक डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्ही निष्क्रिय असतानाही सरासरी साडेचार मिनिटांनी आपापल्या कंपनीशी संपर्क साधतात. त्यांच्या मोजणीत गूगलकडे जाणारा माहितीचा भार ॲपलच्या सुमारे वीसपट होता. गूगलने या मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, तरी संपर्क होतो हे नाकारले नाही. आयफोन घेतला म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनीही हा अभ्यास लक्षात ठेवावा.

‘स्थानाचा इतिहास’ बंद केला की काम झाले, असाही समज असतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये उघड केले की तो बंद केल्यानंतरही ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’ या दुसऱ्या कप्प्यातून स्थान साठवले जात होते. त्यावरून अमेरिकेतील ४० राज्यांशी गूगलला नोव्हेंबर २०२२ मध्ये ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. एक बटण बंद करून दुसरे सुरू राहणे हा या क्षेत्रातला नेहमीचा अनुभव आहे आणि सामान्य माणूस नेमका तिथेच फसतो.

न्यायालयांपुढील प्रश्न

निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. फोनच्या संदर्भात त्याहून बोलका निकाल ८ जुलै २०२४ चा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या प्रकरणातील फ्रँक व्हिटस या नायजेरियन आरोपीला जामीन देताना, गूगल नकाशावर आपल्या जागेची खूण तपास अधिकाऱ्याला दिसेल अशी ठेवण्याची अट घातली होती. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने ती रद्द केली. आरोपीच्या खासगी जीवनात सतत डोकावण्याची मुभा देणारी अट जामिनाला जोडता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. गंमत अशी की अशा खुणेमुळे माणसाचा प्रत्यक्ष माग काढताच येत नाही, हे गूगलनेच न्यायालयाला सांगितले होते. पोलिसांना जे आरोपीकडून मागता येत नाही, ते कोट्यवधी निरपराध लोक खासगी कंपनीला संमतीची कळ दाबून देत असतात.

स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडमधील वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने भारतात फोन उत्पादकांना आपली ॲप सुटी सुटी घेण्याची आणि ग्राहकांना नव्या फोनवर शोधयंत्र निवडण्याची मोकळीक जाहीर केली. वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती ११ ऑगस्ट २०२३ रोजी मिळाली, नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर आणि त्यानंतरही, आपल्या फोनची राखण बरीचशी आपल्याच हाती आहे.

घरच्या घरी काय करता येते

नवा फोन न घेता होणारे काम आधी. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये खासगीपणाच्या विभागात जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक पुसून टाकण्याची सोय आहे. वेगवेगळ्या ॲपनी गोळा केलेली माहिती एकाच माणसाच्या नावे जुळवण्याचा तो सोपा दुवा असतो. स्थानाच्या विभागात ‘वाय-फाय स्कॅनिंग’ आणि ‘ब्लूटूथ स्कॅनिंग’ ही दोन बटणे असतात. वाय-फाय बंद असतानाही न्याहाळणी चालू ठेवणारी ती हीच. गूगल खात्यात जाऊन ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’ व ‘टाइमलाइन’ बंद करावे आणि जुन्या नोंदी पुसाव्यात. त्यानंतर एकेका ॲपच्या परवानग्या पाहाव्यात. विजेरीच्या ॲपला संपर्कसूची कशाला लागते, याचे उत्तर कोणाकडेच नसते.

पुढची पायरी ॲप बदलण्याची. क्रोमऐवजी फायरफॉक्स घेऊन त्यात ‘यूब्लॉक ओरिजिन’ जोडल्यास जाहिरातदारांचे बहुतेक माग तिथेच अडतात. नकाशांसाठी ‘ऑरगॅनिक मॅप्स’ किंवा ‘ओस्मअँड’ ही ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा फोनमध्येच उतरवून ठेवतात आणि जाळ्याविना चालतात. न्यायमंदिर, सूरसागर, मांडवी, लक्ष्मी विलास राजवाडा सापडायला त्यांत अडचण येत नाही, जुन्या शहरातल्या पोळीतला घर क्रमांक मात्र सहसा सापडत नाही. वाहतूककोंडीची लाल रेघही तेथे दिसणार नाही. ती रेघ हजारो लोकांच्या फोनच्या हालचालींवरूनच काढलेली असते, म्हणजे ज्या पाळतीपासून सुटायचे तिचेच ते फळ आहे. निरोपांसाठी सिग्नल ही ना-नफा संस्थेची सेवा वापरकर्त्याविषयी खाते उघडल्याची आणि शेवटच्या संपर्काची तारीख यापलीकडे जवळजवळ काही ठेवत नाही. व्हॉट्सॲपमधील मजकूरही २०१६ पासून कूटबद्ध आहे, परंतु कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलतो हा तपशील कंपनीला मिळू शकतो. अर्थात सगळे नातेवाईक व्हॉट्सॲपवर असताना एकट्याने सिग्नलवर जाणे म्हणजे रिकाम्या सभागृहात भाषण देणे. कुटुंबातले चार-पाच जण एकदम वळले तरच हा बदल टिकतो.

मराठी वाचकांनी कळफलकाकडे विशेष लक्ष द्यावे. टंकलेली प्रत्येक अक्षरखूण, तीत शोधशब्द आले, निरोप आले, कळफलकाच्या हातून जाते. ‘इंडिक कीबोर्ड’ हा मुक्तस्रोत कळफलक मराठीसह अनेक भारतीय भाषा देतो. बोलून मराठी लिहिण्याची जी सफाई गूगलच्या कळफलकात आहे, ती मुक्त पर्यायांत अजून नाही. ज्येष्ठांना, विशेषतः डोळ्यांचा त्रास असलेल्यांना, हा तोटा जाणवतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

ॲप मिळवण्यासाठी ‘एफ-ड्रॉइड’ हे मुक्तस्रोत ॲपचे भांडार २०१० पासून चालते, त्यासाठी खाते लागत नाही. त्याच्या भवितव्यावर मात्र सध्या सावट आहे. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर फक्त आपल्याकडे ओळख पटवलेल्या विकासकांचीच ॲप बसवता येतील. ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत सप्टेंबर २०२६ पासून आरंभ आणि पुढे सर्वत्र, असे ते वेळापत्रक होते. एफ-ड्रॉइडने कडाडून विरोध केल्यानंतर अनुभवी वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे कंपनीने नोव्हेंबरमध्ये मान्य केले.

मूळ प्रणालीच बदलली तर

अँड्रॉइडचा गाभा मुक्तस्रोत आहे. गूगल त्यात उरते ते ‘प्ले सर्व्हिसेस’ या वरच्या थरामुळे. तो थर काढून टाकलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या प्रणाली स्वतंत्र गट तयार करतात. ‘लिनिएजओएस’ अनेक जुन्या फोनवर चालते. फ्रान्समधील गाएल दुव्हाल यांनी सुरू केलेल्या ‘ई-ओएस’मध्ये गूगलच्या सेवांऐवजी ‘मायक्रोजी’ हा पर्याय असतो. लीथ आणि सहकाऱ्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये सॅमसंग, शाओमी, रिअलमी, ह्वावे आदींच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा निष्क्रिय अवस्थेतही मोठ्या प्रमाणावर माहिती न पाठवणारी एकमेव प्रणाली हीच ठरली. ‘ग्राफीनओएस’ सुरक्षेत सर्वांत कडक, पण ती आजवर गूगलच्याच पिक्सेल फोनवर चालत आली आहे. गूगलपासून सुटण्यासाठी गूगलचा फोन विकत घ्यावा लागणे हा या विषयातला सर्वपरिचित विनोद. तिच्यात प्ले सर्व्हिसेस हवे असल्यास साध्या ॲपप्रमाणे, विशेष अधिकारांविना बसवता येते आणि कळफलकासारख्या कोणत्याही ॲपची जाळ्याची परवानगीच काढून घेता येते. मद्रास आयआयटीच्या छत्राखाली घडलेल्या ‘भारओएस’चा जानेवारी २०२३ मध्ये मोठा गाजावाजा झाला. बाजारात साधा फोन घेणाऱ्यासाठी मात्र तो पर्याय ठरलेला नाही.

खरी अडचण बँकेच्या दाराशी येते. ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या यूपीआयवर आज चहाच्या टपरीपासून रिक्षापर्यंत सारे चालते, मग ते पणजीत असो वा बडोद्याच्या मंगळ बाजारात. बँकांची अनेक ॲप फोन ‘प्रमाणित’ आहे का, हे गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ तपासणीतून विचारून घेतात. बदललेली प्रणाली दिसली की काही ॲप उघडण्यास नकार देतात. काही चालतात, पण पुढच्या आवृत्तीत चालतीलच याची खात्री नसते. पैशांच्या व्यवहाराचे दार अशा रीतीने एका परदेशी खासगी कंपनीच्या शिक्क्यावर अवलंबून राहावे, हा वैयक्तिक गैरसोयीपेक्षा मोठा प्रश्न आहे आणि त्यावर आपल्याकडे पुरेशी चर्चा झालेली नाही. सध्या व्यवहार्य ठरतो तो दोन फोनांचा मार्ग. जुन्या, न बदललेल्या फोनवर फक्त बँक आणि यूपीआय. तो घरी किंवा बंद अवस्थेत पिशवीत. रोजच्या वापराचा दुसरा फोन गूगलविना. दोन फोन परवडत नसतील तर राष्ट्रीय देयक महामंडळाची *९९# ही सेवा आणि मार्च २०२२ मध्ये आलेली ‘यूपीआय १२३पे’ साध्या फोनवरही चालते. ती संथ आहे, पण अडीअडचणीला उपयोगी पडते.

फोन कितीही स्वच्छ केला तरी सिमकार्ड राहते. दूरसंचार कंपन्यांना संभाषणांच्या नोंदी दोन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन डिसेंबर २०२१ पासून आहे आणि कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेत फोन होता हे त्या नोंदींत असते. मोबाईल क्रमांक हीच आता माणसाची खूण झाली आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने २० जुलै १९०८ रोजी बडोद्यात स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोदाच्या ‘बॉब वर्ल्ड’ या ॲपवर नवे ग्राहक घेण्यास रिझर्व्ह बँकेने १० ऑक्टोबर २०२३ रोजी मनाई केली होती. ग्राहक जोडून घेण्याच्या पद्धतीतील गंभीर त्रुटी हे त्याचे कारण होते. त्याआधी, नोंदणीचा आकडा फुगवण्यासाठी खातेदारांच्या खात्यांना भलत्यांचेच मोबाईल क्रमांक जोडल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या होत्या. ही मनाई ८ मे २०२४ रोजी उठली. आपल्या खात्याला नेमका कोणता क्रमांक जोडलेला आहे, हे शाखेत जाऊन पाहण्यास कोणतेही तंत्रज्ञान लागत नाही.

पाळत फक्त कंपन्यांचीच असते असेही नाही. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच बसवण्याचे निर्देश दिले. देशभर टीका झाली आणि ३ डिसेंबरला ही सक्ती मागे घेण्यात आली.

प्रणाली बदलण्याचा विचार असलेल्यांनी फोन विकत घेण्यापूर्वीच दोन गोष्टी पाहाव्यात. त्या प्रतिमानाचे ‘बूटलोडर’ कुलूप कंपनी उघडू देते का, आणि हव्या त्या प्रणालीच्या अधिकृत यादीत ते प्रतिमान आहे का. कुलूप उघडताच फोनमधील सारी माहिती पुसली जाते, म्हणून छायाचित्रे व संपर्क आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे लागतात. हमीही जाऊ शकते. आईवडिलांच्या एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग करू नये. कपाटात पडून असलेला जुना फोन त्यासाठी पुरतो.