'टोकोफेरॉल' ही संज्ञा आणि कोंबडीचे खाद्य

शास्त्रीय संज्ञा ही तिच्या जन्मकाळच्या ज्ञानाची मर्यादा सोबत घेऊन येते. पुढे ज्ञान वाढते. संज्ञा मात्र तीच राहते. 'टोकोफेरॉल' हे याचे बोलके उदाहरण होय. मांसासाठी वाढविल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात हे द्रव्य, म्हणजेच ई जीवनसत्त्व, आज सर्रास मिसळले जाते. परंतु ते ज्या गुणास्तव मिसळले जाते त्याचा नावात मागमूसही नाही.

1922 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स व कॅथरिन बिशप यांना असे आढळले की, विशिष्ट आहारावरील उंदरांच्या मादीस गर्भ राहतो, पण तो टिकत नाही. गर्भ टिकविणारे द्रव्य 1936 मध्ये गव्हाच्या अंकुरांच्या तेलातून वेगळे करण्यात आले. त्याचे नाव त्याच विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक जॉर्ज कॅल्हून यांनी सुचविले. 'टोकोस' म्हणजे अपत्यजन्म. 'फेरेइन' म्हणजे वाहून आणणे, हा संस्कृत 'भृ' धातूचा सगोत्र. आणि अंती अल्कोहोलवर्गाचा 'ऑल' हा प्रत्यय. पुढच्याच वर्षी ऑलकॉट व इमर्सन यांनी दाखविले की, टोकोफेरॉले स्निग्ध पदार्थांना खवट होऊ देत नाहीत. नाव रूढ होते न होते तोच ते अपुरे ठरले.

हे अपुरेपण प्राणिदेहात स्पष्ट केले ते कोंबडीच्या पिल्लाने. 1931 मध्ये कोलंबिया विद्यापीठात पापेनहायमर व गेट्श यांनी सदोष आहारावरील पिल्लांच्या अनुमस्तिष्काचा विकार नोंदविला. 1938-39 मध्ये कोपनहेगन येथे हेन्रिक डाम व ग्लाविंड यांनी कातडीखाली द्रव साचण्याचा दुसरा विकार वर्णिला. दोन्हींवर ई जीवनसत्त्व गुणकारी ठरले. अंडी घालण्याच्या वयास न पोचलेल्या पिल्लाच्या ठायी अपत्यजन्माचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तथापि 'प्रतिऑक्सिडीकारक' ही नवी संज्ञाही सर्व काही सांगत नव्हती. पहिला विकार इथॉक्सिक्विनसारख्या कृत्रिम प्रतिऑक्सिडीकारकानेही टळे. दुसरा विकार मात्र सिलिनियमच्या अत्यल्प मात्रेने टळतो, असे 1957 मध्ये सिद्ध झाले. त्याचा उलगडा 1973 मध्ये झाला. पेरॉक्साइडांचा नाश करणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एंझाइमाचा सिलिनियम हा घटकच आहे. एक द्रव्य स्निग्धांशाचे ऑक्सिडीभवन रोखते, दुसरे झालेल्या ऑक्सिडीभवनाचे घातक फलित नष्ट करते. कार्य परस्परपूरक असले, तरी एकाची जागा दुसरे पूर्णतः घेऊ शकत नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. इथॉक्सिक्विन मुख्यतः साठवणीतील खाद्यास जपते. टोकोफेरॉल पक्ष्याच्या पेशींच्या आवरणांत सामावते व कत्तलीनंतरही मांसाचा खवटपणा लांबविते. 1975 मध्ये मारुसिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोंबडीच्या मांसावर दाखवून दिले. पोषण पुरेसे असलेल्या पक्ष्याचे वजन जादा मात्रेने वाढेलच असे नाही. लाभ दिसतो तो मांसाच्या टिकाऊपणात. पुढे 2017 मध्ये सुरक्षिततेविषयीच्या निर्णायक माहितीच्या अभावी युरोपीय संघाने इथॉक्सिक्विनची खाद्यातील अनुमती स्थगित केली. एकाच संज्ञेखाली मोडणारी द्रव्ये परस्परांच्या जागी सहज ठेवता येतील असे मानणाऱ्यास हा इतिहास सावध करतो. संज्ञा वर्ग सांगते. कार्य मात्र प्रयोगासच विचारावे लागते.