साडेतीन हजार गिल्डरचा उमराव

व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात जेमतेम २१ सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर उंच असा एक कागद आहे. त्यावर तपकिरी शाईत एका दाढीवाल्या उमरावाचं रेखाटन आहे आणि शेजारी रेम्ब्राँच्याच अक्षरात लिलावाचा हिशेब. राफाएलने काढलेलं काउंट बाल्दास्सारे कास्तील्योने यांचं चित्र ३,५०० गिल्डरला गेलं, लुकास व्हान उफेलनच्या साऱ्या संग्रहाचे ५९,४५६ गिल्डर आले. साल १६३९.

रेम्ब्राँ आयुष्यात कधी इटलीला गेला नाही. तरुण चित्रकारांनी रोम-व्हेनिस पाहून यावं, अशी त्या काळी रीतच होती. १६३० च्या सुमारास कॉन्स्टान्टाइन हायगेन्स या दरबारी सचिवाने रेम्ब्राँ आणि यान लिव्हेन्स या जोडगोळीला त्यावरून बोल लावला. ऐन उमेदीची वर्षं प्रवासात घालवायला सवड नाही आणि चांगली इटालियन चित्रं इथेच पाहायला मिळतात, असं त्यांचं उत्तर होतं.

ते खरंही होतं. व्हान उफेलन हा व्हेनिसमध्ये व्यापार केलेला माणूस. त्याचा संग्रह अ‍ॅमस्टरडॅममध्ये लिलावाला निघाला, तेव्हा चित्रकार योआखिम फॉन सान्द्रार्टने राफाएलसाठी ३,४०० गिल्डरपर्यंत बोली चढवली. चित्र मात्र फ्रान्सच्या राजासाठी शस्त्रखरेदी करणाऱ्या अल्फोन्सो लोपेझने नेलं. त्याच वर्षी जानेवारीत रेम्ब्राँने स्वतःचं मोठं घर १३,००० गिल्डरला घेतलं होतं. म्हणजे या एका चित्राला घराच्या किमतीच्या चौथाईहून जास्त दाम मिळाला.

राफाएलचा कास्तील्योने शांत, तोलून-मापून बसलेला आहे. रेम्ब्राँच्या टाकाला घाई आहे. बाही, कॉलर, दाढी चार फटकाऱ्यांत उरकली आहे आणि टोपी मुळात नसलेल्या रुबाबात एका बाजूला कलली आहे.

ही तिरकी टोपी त्याच वर्षी रेम्ब्राँच्या स्वतःच्या डोक्यावर आली. १६३९ च्या एचिंगमध्ये तो दगडी कठड्यावर हात टेकून बसला आहे. कठड्यावर टेकलेला तो हात तिशियनच्या एका व्यक्तिचित्रातला. रुईभरल्या निळ्या बाहीचा तो माणूस म्हणजे कवी आरिओस्तो, असं तेव्हा समजत. ते चित्र किंवा त्याची प्रत लोपेझकडेच होती, असं मानलं जातं. १६४० मध्ये रेम्ब्राँने हीच बैठक तैलरंगात मांडली, अंगावर शंभर वर्षांपूर्वीचा पोशाख चढवून. लिलावात टिपलेल्या रेघांनी ३४ वर्षांच्या डच चित्रकाराला राफाएल-तिशियनच्या पंगतीत बसवलं, आणि त्याने ती जागा स्वतःच्या चेहऱ्यानिशी घेतली.

राफाएलचं चित्र पुढे कार्डिनल माझारँकडून चौदाव्या लुईकडे गेलं. आज ते लुव्हरमध्ये आहे. तिशियनचा निळ्या बाहीचा माणूस आणि रेम्ब्राँचं १६४० चं आत्मचित्र मात्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत एकाच छपराखाली आहेत.