दर्शनी भिंत आणि पाया

जुन्या वास्तूच्या दुरुस्तीला पैसा मंजूर झाला की पहिले काम दर्शनी भिंतीचे निघते. रस्त्यावरून दिसते ती बाजू आधी उजळायची, आतले पुढे पाहू, असा हा रिवाज आहे. आपल्या देशात इतिहासाचेही असेच झाले. त्याची दर्शनी भिंत पिढ्यान्‌पिढ्या रंगवली गेली आणि पायाकडे पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. म्हणून जुन्या इमारतींचे बाह्यरूप जपण्याचा हा प्रश्न आपला नव्हे, तो वास्तुविशारदांचा आणि हौशी मंडळींचा, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

पायाची आठवण आपल्याला प्रथम एका मुलीने करून दिली. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. हे नियतकालिक 1842 साली आपल्याच अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) सुरू झालेले. मुक्ताने त्यात लिहिले आहे की, मोठमोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेलशेंदूर पाजून पुरले जात असे. वाड्याची महिरप, सज्जा आणि नक्षी यांवर पुस्तके लिहिणाऱ्यांनी हा निबंध बाजूला ठेवला. पण मराठीत वास्तूचा इतिहास पायापासून सांगणारे पहिले लेखन आपल्या एका लेकीचे आहे, हे आपण विसरू नये.

आता पुण्यातले दोन वाडे पाहू. विश्रामबागवाडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या बाजीरावासाठी बांधला गेला. पेशवाई बुडाल्यावर 1821 साली कंपनी सरकारने दक्षिणेच्या रकमेतून तेथे संस्कृत पाठशाळा काढली. आरंभी तिच्यात प्रवेश होता तो ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच. 1879 च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तो पुन्हा उभा केला गेला. अलीकडे महापालिकेने त्याचे जतन हाती घेतले. सुरूचे खांब, केळफुलांची नक्षी, लाकडी सज्जा हे सारे आज पाहायला मिळते. हे काम वाईट झाले, असे मी म्हणणार नाही. चांगल्या कारागिरांनी केलेले काम आहे.

तेथून पायी थोड्याच अंतरावर बुधवार पेठेत भिडेवाडा होता. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी तेथे मुलींची शाळा काढली. पाठशाळेचा वाडा आणि शाळेचा वाडा हे एकाच शहराचे दोन इतिहास होत. एका वाड्यात ज्ञान जातीने राखले गेले, दुसऱ्यात ते मुलींसाठी मोकळे झाले. पण भिडेवाड्याच्या तळमजल्यावर दुकाने होती, वर पडझड चालू होती आणि स्मारकाचा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयात अडकला होता. 2023 साली उच्च न्यायालयाचा आणि मग सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला आणि डिसेंबरात तो मोडका वाडा एका रात्रीत पाडण्यात आला. तेथे नवे स्मारक उभे राहावे, ही आपल्याच चळवळीची मागणी होती आणि निकालाचा आनंद आपल्यालाही झाला. तरीही एक प्रश्न उरतोच. एका वाड्याची नक्षी वेळीच वाचते, आणि दुसऱ्याचे पाडण्यावाचून गत्यंतर नाही इतके हाल होईपर्यंत सारे थांबतात, हे आपोआप होते काय? उपेक्षा हीसुद्धा एक योजनाच असते. तिला ठराव लागत नाही, एवढेच.

आमचा पारनेर तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो. पण येथेही वाडे आहेत. जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे. पळशीला होळकरांच्या दिवाणांचा, पळशीकरांचा वाडा, गावाभोवतीचा तट आणि विठ्ठलाचे दगडी मंदिर आहे. जामगावच्या वाड्यात पुढे रयत शिक्षण संस्थेने शिक्षणाचे काम चालवले. सरदाराच्या वाड्यात बहुजनांची मुले मास्तर व्हायला शिकली, ही त्या वास्तूची सर्वांत मोठी दुरुस्ती होय, असे मी मानतो.

विद्यार्थ्यांना घेऊन मी एकदा अशाच एका तटाशी गेलो होतो. मी शिंदे-होळकरांविषयी बोलत होतो. एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, “सर, हे दगड वाहिले कोणी?” मी क्षणभर गप्प झालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझे पणजोबा येसकर होते. वेस राखायची त्यांनी आणि राहायचे वेशीबाहेर. पावसाळ्यात गावकुसाची भिंत ढासळली की दगड रचायला तेच जात, आणि त्याची मजुरी म्हणजे दारोदार मागितलेली भाकर, हे आजीने मला कितीदा तरी सांगितले होते. महार वतनाची ही वेठ कायद्याने संपायला 1958 चा कनिष्ठ गावनोकर वतने रद्द करणारा कायदा यावा लागला. आणि मी, त्यांचा पणतू, त्या मुलीपुढे सरदारांची वंशावळ सांगत उभा होतो!

त्या दिवसापासून मी भिंतीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. दगड फोडला वडारांनी, घडवला पाथरवटांनी, चुना भाजला लोणाऱ्यांनी. चुन्याच्या घाणीभोवती बैल फिरले तसे माणसांचे आयुष्यही फिरले. आज दुरुस्तीचे जाणकार सांगतात की, जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापू नये. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवते. मग आत क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. वरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून ती कुजत असते. म्हणून आधी सिमेंट आणि तैलरंग जपून काढावा, आणि सांधे पुन्हा चुन्यानेच भरावेत. ज्या लोकांचे हे ज्ञान, त्यांना आपण अडाणी म्हणत आलो. आता तेच ज्ञान तज्ज्ञांच्या अहवालात मानाने येते, पण ज्यांचे ते होते त्या जातींची नावे मात्र येत नाहीत.

आणखी एक गोष्ट. 1934 साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींनी दाराजवळच्या हौदातले पाणी घेतले, तेव्हा हौद बाटवला म्हणून त्यांच्यावर लोक धावून आले. शेवटी किल्ल्यात सोडले ते पाण्याला कोठेही शिवायचे नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारी शिपाई देऊन. उलट, 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या हौदाला नक्षी नसली तरी चालेल. वास्तूचे मोल तिच्या दारात आणि पाण्यापाशी कळते, ते एकट्या दर्शनी भिंतीवरून ठरत नाही.

2025 साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत. यापुढे दुरुस्तीचा पैसा आणि पर्यटकांची वर्दळ दोन्ही वाढणार. अशा वेळी वारसा त्यांचा म्हणून आपण पाठ फिरवायची काय? मला ते मान्य नाही. ज्या भिंतीत आपला घाम मुरला आहे ती पडू देणे म्हणजे आपलाच पुरावा नष्ट करणे होय. ती जपली पाहिजे, पण आपल्या अटींवर. दुरुस्त वास्तूच्या पाटीवर मालकाबरोबर बांधणाऱ्या जातीजमातींचा उल्लेख यावा. ज्या गावात वाडा आणि वेस जपली जाते, तेथील जुन्या महारवाड्याची आणि मांगवाड्याची नोंदही त्याच आराखड्यात व्हावी.

कोरेगावच्या स्तंभावर आपल्या लोकांची नावे दगडात कोरलेली राहिली, म्हणून 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तेथे जाऊन उभे राहू शकले. इतर भिंतींवर ती कोरली गेली नाहीत. म्हातारी माणसे अजून आहेत. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे आणि गावकुसाचे दगड कोणी रचले, ते विचारावे. त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी उत्तर दिले नव्हते. पुढच्या सहलीला मी तिला आधी वेशीपाशी नेणार आहे, वाडा त्यानंतर.